लीन आणि लाचार

शाळेत दरवर्षी दोन ऑक्टोबरच्या सुमारास मी मुलांना एक प्रश्न विचारतो. एका गालावर कोणी मारली तर दुसरा गाल पुढे करावा, हे कोणी सांगितले? वर्गातले सगळे हात एकदम वर जातात आणि उत्तर एकच येते : महात्मा गांधींनी. आमच्या वर्गात ख्रिस्ती घरची मुलेही असतात. रविवारी उपासनेला बसणारी, डोंगरावरील प्रवचन तोंडपाठ असणारी. त्यांचाही हात गांधीजींसाठीच वर जातो. मी रागावत नाही. एका अर्थी मुलांचे बरोबरच आहे. लंडनला बॅरिस्टरी शिकत असताना गांधीजींनी ते प्रवचन वाचले, ते थेट काळजाला जाऊन भिडले आणि त्यासरशी लहानपणची शामळ भट्टाची गुजराती कविता आठवली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे वचन गालीलातले खरे. पण आपल्या देशात ते घरोघर पोचले ते एका वैष्णव माणसाने अंगी बाणवल्यामुळे. त्याचे श्रेय आम्हा ख्रिस्ती लोकांना घेता येत नाही.

पोचले खरे, पण थट्टेचा विषय म्हणूनच अधिक. एस.टी.च्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, मी ख्रिस्ती आहे असे कळले की कोणीतरी हसून म्हणतोच, "मास्तर, मग तुमच्या पायावर पाय दिला तर दुसरा पाय पुढे कराल ना?" हसणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो. परंतु या थट्टेच्या पोटात एक शंका दडलेली असते आणि ती अगदी रास्त आहे. मारणाऱ्याला उलट न मारणारा माणूस थोर आहे की नुसता भित्रा, हे बाहेरून पाहणाऱ्याने ओळखायचे कसे? दोघांचेही हात खालीच असतात.

या बाबतीत आपली मराठी भाषा फार शहाणी. तिने दोन शब्द जपून वेगळे ठेवले आहेत : लीन आणि लाचार. लाचार हा फारसीच्या वाटेने आलेला शब्द. 'ला' म्हणजे नाही आणि 'चार' म्हणजे उपाय. 'दुसरा चाराच नव्हता' असे आपण म्हणतो, त्यातला चारा तो हाच. ज्याच्यापाशी उपाय उरलेला नाही तो लाचार. लीन हा संस्कृतातला. विरघळलेला, एखाद्या ठिकाणी मिसळून गेलेला, असा त्याचा अर्थ. मीठ पाण्यात लीन होते. लाचाराला उलट मारताच येत नाही. लीनाला मारता येते, साधन हाताशी असते, आणि तरी तो मारत नाही. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या नोकराचा कान तोडला, तेव्हा येशूने तलवार म्यानात घालायला लावली आणि आपण मागितल्या तर देवदूतांच्या बारा पलटणी येऊन उभ्या राहतील, याची आठवण करून दिली. मत्तयाने ही आठवण मुद्दाम नोंदली असावी. धरला जाणारा हा माणूस लाचार नाही, एवढे वाचकाला कळल्याशिवाय पुढची कथाच कळत नाही.

हा भेद मी उपासनेत एकदोनदा बोलूनही दाखवला होता आणि मंडळींनी माना डोलावल्या होत्या. माना डोलावणे सोपे असते. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याची परीक्षा झाली.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, जिभेवर अजून नगरच येते.) गावाबाहेर ओढ्याच्या काठाला आमची दफनभूमी आहे. पाऊण एकरही भरणार नाही. तिला दगडी गडगा होता. शेजारच्या शेतकऱ्याने दोन वर्षांत त्या गडग्याचे दगड उचलून आपल्या गोठ्याच्या जोत्याला लावले आणि गेल्या आषाढात नांगराची चार तासे आमच्या हद्दीत घातली. त्या चार तासांत दोन जुन्या कबरी गेल्या. माझ्या वडिलांची कबर तिथून तिसरी.

श्रावणात एका रात्री चर्चच्या ओट्यावर तरुण पोरे जमली. शेजाऱ्याने कांद्याचे रोप टाकले होते, महिनाभराचे, हिरवेगार. पोरांचा बेत साधा होता. एक पंप तणनाशक आणि अर्ध्या तासाचा अंधार. सकाळी काही दिसणार नाही. चार दिवसांनी सगळे रोप माना टाकील आणि कोणी केले हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. कांद्याच्या मुलखात हा सूड सर्वांना ठाऊक आहे. मी नको म्हणालो आणि ख्रिस्ताचे नाव घेतले. तेव्हा त्यांतला एक मुलगा, बी.ए. झालेला, आवाज न चढवता म्हणाला, "मास्तर, तुमच्या पणज्याला गावच्या आडात पोहरा टाकू देत नव्हते. अंमलदाराच्या घोड्यापुढे तो कोसच्या कोस पळायचा. तो लीन होता की लाचार? लाचार असेल तर तुम्ही आम्हाला त्याचीच सवय लावताय. नाव तेवढं बदललंय."

रोप वाचले. पोरांनी माझे ऐकले. पटले म्हणून नव्हे, तिसरी कबर माझ्या वडिलांची होती म्हणून. ज्याचे सर्वांत जवळचे नुकसान तोच नको म्हणतो आहे, म्हटल्यावर इतरांना पुढे होता येईना. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

आमचे पूर्वज महार. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. त्यानंतरच्या काळात जिल्ह्यातल्या ज्या अनेक महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतले आमचे एक. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात गालाच्या पाठोपाठ कोसाची गोष्ट येते. कोणी बळजबरीने एक कोस नेले तर आपण दोन कोस जावे, असा तिचा आशय. मराठी पवित्र शास्त्रात तिथे शब्द आहे 'वेठ'. पुढे कुरेनेकर शिमोनाला रस्त्यात पकडून त्याच्या खांद्यावर क्रूस देतात, तिथेही तोच शब्द. दुसऱ्या भाषेत हे वाचणाऱ्यांना त्या जागी काय जाणवत असेल ते असो. मराठी वाचणाऱ्या महाराला तो शब्द पायांनी कळत होता. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, सांगावे नेणे, मेलेली जनावरे ओढणे, अंमलदाराचा मुक्काम पडला की लाकूडफाटा आणि वैरण पुरवणे. वतनाच्या गोड नावाखाली हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या चालले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ती वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेब १९५६ सालीच गेले होते.

अशा माणसाच्या हातात दोन कोसांचे वचन ठेवायचे म्हणजे काय? एक कोसही ज्याच्या मर्जीचा नाही, त्याला दुसरा कोस फुकट चालायला सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? मी बरेच दिवस यावर विचार केला, आणि मला वाटते, उपदेश काय आहे याच्याइतकेच तो कोणाच्या तोंडून येतो याला महत्त्व आहे. पाटलाने महाराला आणखी एक कोस चाल म्हणणे हा उघड जुलूम. पण डोंगरावर बसून बोलणारा माणूस पाटील नव्हता की रोमन सुभेदार नव्हता. तो सुताराच्या घरचा, रोमन शिपायाने हटकले तर ओझे उचलावे लागेल अशा प्रजेतला; आणि समोर बसलेले कोळी, कुळे, रोजंदार, तेही तसेच. एक वेठकरी दुसऱ्या वेठकऱ्यांशी बोलत होता. पहिला कोस शिपायाचा. त्याला इलाज नाही. दुसरा कोस मात्र वाहणाऱ्याचा स्वतःचा. कोस संपल्यावर शिपायाने ओझे परत घ्यायला हात पुढे केला आणि वाहणारा "राहू द्या" म्हणाला, तर त्या क्षणापुरता तरी त्या रस्त्यावरचा मालक कोण, असा प्रश्न शिपायालाच पडेल. म्हणून हे वचन उच्चारण्याचा अधिकार ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याचाच. बंगल्याच्या ओसरीवरून ते उच्चारले की त्याचे विष होते. आणि आमच्या मंडळ्यांतून ते ओसरीवरून पुष्कळ वेळा उच्चारले गेले आहे, हेही इथे लिहून ठेवतो.

मात्र एवढ्याने वेठ जात नाही. ती गेली विधेयके मांडणाऱ्यांमुळे, परिषदा भरवणाऱ्यांमुळे, कामे नाकारून मार खाणाऱ्यांमुळे. त्यांचे ऋण न मानता जो ख्रिस्ती माणूस स्वतःच्या लीनतेवर खूष असतो, त्याची लीनता मला संशयास्पद वाटते.

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याने जर्मन पंडितांच्या वाटेला जाऊ नये. पण नीत्शेला इथे टाळता येत नाही. दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुणाचे नाव दिले आणि सूड घेता येत नाही म्हणून क्षमेची थोरवी गायली, असा आक्षेप त्याने १८८७ साली घेतला. ओट्यावरच्या मुलाचा प्रश्न वेगळ्या बाजूने तोच होता. फरक एवढाच की नीत्शेला दुबळ्यांची कीव नव्हती आणि या मुलाला आपल्या पणजोबांचे दुःख होते. आक्षेप अर्धा खरा आहे. क्षमेच्या नावाखाली आतल्या आत कढत राहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची जीभ गोड असते आणि शेजाऱ्याच्या घरी दुखणे आले की चेहरा उजळतो. पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही. अगदी लाचार माणसापाशीही सूडाचे एक साधन शिल्लक असते. ते म्हणजे तळतळाट.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. खडी ब्रासने मोजली जाई आणि मुकादम बायकांचे माप हटकून कमी धरी. बाकीच्या बाया घरी येताना बोटे मोडत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. आजी करीत नसे. दर पगाराला ती त्याच्या टेबलासमोर उभी राही आणि सगळ्यांच्या देखत म्हणे, "मुकादम, माझी खडी फिरून मोजा." तो हाकलून देई. पुढच्या पगाराला ती पुन्हा हजर. शिवी नाही, रडणे नाही. माझ्या आईने एकदा विचारले, आत्याबाई, तुम्हाला राग येत नव्हता? आजी म्हणाली, "त्याला शाप देत मी रातभर जागायचं आणि त्यानं झोपायचं, हे कोण सांगितलंय?"

योहानाने लिहिलेला एक प्रसंग वाचताना मला नेहमी आजी आठवते. हन्नापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. तिथे दुसरा गाल पुढे केल्याचा उल्लेख नाही. आपले बोलणे चुकीचे असेल तर चूक दाखव आणि बरोबर असेल तर का मारलेस, एवढे त्याने त्या शिपायाला विचारले. प्रवचन करणाऱ्यानेच प्रवचन मोडले, असे कोणी म्हणेल. मला तो त्या प्रवचनाचा खुलासा वाटतो. पौलाचेही तसेच. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी तो रोमन नागरिक निघाला, तेव्हा अधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. ते त्याला गुपचूप सोडू पाहत होते, पण हा जागचा हलेना. ज्यांनी उघड्यावर मारले त्यांनीच स्वतः येऊन बाहेर न्यावे, असा त्याने निरोप धाडला, आणि ते आले. त्याने त्यांच्यावर फिर्याद केली नाही; पण झाले ते झाकूही दिले नाही.

विद्वानांनी गालाचाही कीस काढला आहे. मत्तय 'उजवा' गाल म्हणतो. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा करावा लागतो. यहुद्यांच्या मिश्नात साध्या चपराकीला दोनशे झूझ दंड आहे आणि उलट्या हाताच्या चपराकीला चारशे, कारण तिच्यात अपमान मोठा. तेव्हा दुसरा गाल पुढे करणे म्हणजे आता मारायचेच तर बरोबरीच्या माणसासारखे मार, असे बजावणे होय, असा अर्थ वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने लावला. अर्थ मोहक आहे. मला तो थोडा जास्तच हुशारीचा वाटतो. लूक तर उजवा-डावा काहीच म्हणत नाही. आणि मार खाण्यातही मात करण्याची युक्ती शोधायची म्हटले, की लीनता हा कुस्तीतला एक डाव होऊन बसतो.

लीनतेचा उपयोग दुसऱ्याच्या पाठीवर मारायची छडी म्हणूनही होतो. पंडिता रमाबाईंचा आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी वाचला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई प्रत्येक धर्ममताला 'का' विचारीत. जेराल्डीनबाईंना त्यात गर्व दिसे. नवख्या ख्रिस्ती बाईने नम्रपणे ऐकून घ्यावे असे त्यांना वाटे. पुरोहितांचे एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर तसलेच दुसरे चढवून घ्यायला मी तयार नाही, अशा आशयाचे रमाबाईंनी कळवले. ही उद्धट बाई पुढे काय करते ते पाहा. १८९३ मध्ये पुण्यात शारदासदनावर गहजब झाला, सल्लागार मंडळातल्या थोरामोठ्यांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी विरोधकांशी उणीदुणी काढण्यात आयुष्य घालवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करीत होत्या. गर्विष्ठ कोण आणि लीन कोण, हे पत्रांतल्या भाषेवरून ठरवू नये, एवढे मला त्यावरून कळते.

कादंबरीकार म्हणून माझी एक अडचण इथेच सांगून टाकतो. सूडावर कथानक उभे राहते, लीनतेवर राहत नाही. तिसऱ्या प्रकरणात चपराक बसली की ती विसाव्या प्रकरणात परत जायला हवी, अशी वाचकाची अपेक्षा असते. न मारण्याने कथेत काही 'घडत' नाही. अपवाद पैठणच्या एकनाथांचा. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस थुंकतो, ते पुन्हा स्नानाला जातात. एकशे आठ वेळा तेच घडते, आणि गोष्ट कंटाळवाणी होत नाही. ती ज्या अनाम कथेकऱ्यांनी रचली त्यांचे कसब मला साधलेले नाही.

आणि ग्लॅडिस स्टेन्स यांच्यावर तर कादंबरी लिहिण्याची माझी छातीच होणार नाही. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहॅम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा तिमथी गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. ग्रॅहॅम १९६५ पासून कुष्ठरोग्यांत काम करीत होते. ग्लॅडिसबाईंनी थोड्याच दिवसांत आपण क्षमा केल्याचे सांगितले आणि २००४ पर्यंत त्या बारिपद्यात त्याच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. खटला त्यांनी मागे ओढला नाही. क्षमा निराळी आणि गुन्ह्याचा परिणाम निराळा, अशी त्यांची भूमिका होती. न्यायालयात फाशी झाली, ती उतरून जन्मठेप झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कायद्याचे काम कायद्याने केले.

आमचे उपदेशक अधिक आवडीने सांगतात ती गोष्ट सिस्टर राणी मारियांची. इंदूरकडे भूमिहीनांची बाजू घेऊन सावकारांशी भांडणाऱ्या या जोगिणीला १९९५ मध्ये समुंदरसिंग नावाच्या माणसाने बसमध्ये भोसकले. तिच्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, तो सुधारला, २००६ मध्ये सुटला. गोष्ट अक्षरशः खरी आहे आणि डोळ्यांत पाणी आणणारी आहे. तरी ती फार सांगू नये असे मला वाटते. ऐकणाऱ्याला वाटू लागते की क्षमा ही एक ठेव आहे आणि मुदतीअंती तिचे व्याज मिळायलाच हवे. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली तेव्हा मुख्य आरोपी सापडलाही नव्हता. तो धरला जायला वर्ष लागले. ज्याला क्षमा केली तो समोर नाही, त्याने ती मागितलेली नाही. कोणत्याही फळाची आशा नसलेली ती क्षमा मला समजून घ्यायला अधिक कठीण जाते, आणि म्हणून मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो.

ओट्यावरच्या त्या मुलाला मी हे सगळे तुकड्यातुकड्याने सांगितले आहे. पणजोबांविषयीचे त्याला पटले नाही. "पहिल्या कोसाला इलाज नव्हता, असं तुम्हीही म्हणताच की," एवढेच तो म्हणाला, आणि त्याच्याशी मला वाद घालता आला नाही. पण दफनभूमीच्या हद्द-मोजणीचा अर्ज त्यानेच लिहिला, घराघरातून फी गोळा केली, आणि कबरींचे जुने फोटो शोधून अर्जाला जोडले. गडग्याच्या दगडांचीही त्याने यादी केली आहे. गोठ्याच्या जोत्यात कोणता दगड कुठे बसवला आहे हे तिच्यात लिहिले आहे. ती यादी नेऊन शेजाऱ्याला दाखवली पाहिजे, लपवून ठेवायची नाही, एवढे मी बजावले. तो दाखवून आला. शेजारी काही बोलला नाही.

त्या वाचलेल्या रोपाची लागण झाली आणि दिवाळीनंतर तो लाल कांदा काढणीला येईल. मजूर मिळत नाहीत म्हणून शेजाऱ्याने आमच्या आळीत निरोप पाठवला. जायचे की नाही यावर दोन रविवार चर्चा झाली. सहा बाया जाणार आहेत. त्यांत माझी चुलती आहे. एकराचा उक्ता त्यांनी आधीच ठरवून घेतला आहे, आणि मोजणीच्या दिवशी दुपारी काम बंद ठेवून हद्दीवर हजर राहू, हेही त्याला सांगून ठेवले आहे.